मणका 'सरकतो' म्हणजे नक्की काय होते? (मान, माटोळी आणि २४ सिटिंगचे पॅकेज)

माटोळीवाला (फोंडा)

चवथीच्या आदल्या रात्री साडेनऊपासून दीडपर्यंत मी स्टुलावर उभा राहून माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगलेली, फळे बांधायची लाकडी चौकट) बांधत होतो. असोले नारळ, चिबूड, कवंडळ, सुपारीचे घड, घागऱ्या, सगळे नेहमीप्रमाणे. चार तास डोके मागे टाकून वर बघायचे. सकाळी उठलो तर मान धरलेली. उजवीकडे वळेना, कवटीच्या बुडाशी ठसठस आणि तिथून निघालेली कळ थेट उजव्या डोळ्याच्या मागे. पूजेत भटजींनी 'इकडे पाणी सोडा' म्हटले की मी पाटासकट वळत होतो. शेजारच्या म्हातारीला वाटले माझ्यावर भार आला, अंगात आले.

आठ दिवस बाम, शेक, गोळ्या. मग ऑफिसातल्या एकाच्या सांगण्यावरून किनारपट्टीकडच्या एका कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणके दाबून उपचार करणाऱ्याकडे) गेलो. एक्स-रे झाले. त्यावर कॉम्प्युटरने लाल-निळ्या रेघा मारल्या आणि मला सांगण्यात आले की मानेचा पहिला मणका, अ‍ॅटलस, डावीकडे पावणेतीन अंश सरकला आहे. म्हणून डोके तिरके, ते सावरायला उजवा खांदा खाली, म्हणून कंबर वाकडी, म्हणून डावा पाय अर्धा इंच आखूड. वेळीच सरळ केले नाही तर चक्कर, रक्तदाब, पित्त, निद्रानाश, सगळ्याचा रंगीत तक्ता भिंतीवर. उपाय म्हणजे २४ सिटिंग, ३२,००० रुपये. आज भरले तर २८,०००.

विचार करतो म्हणून सांगून आलो. माझे प्रश्न दोनच. मणका असा खरेच सरकतो का? आणि सरकला तर हाताने ढकलून परत जागेवर बसतो का? अनुभव असलेल्यांनी लिहा. 'गोमूत्र लावा' छापाचे सल्ले नकोत.

डिचोलीचा_बाळ

अ‍ॅटलस म्हटले की मला आमची सायकल आठवते. पडली की हॅण्डल वाकडे व्हायचे. पुढचे चाक दोन गुडघ्यांत धरून एक हिसका दिला की सरळ. फुकट. या, तुम्हालाही देतो. (हलके घ्या.)

आगाऊ_कार्टे

खिक्क! पण पावणेतीन अंश? तेवढे तर आमच्या घराच्या भिंतीही ओळंब्यात नाहीत.

पेडण्याची_लेक

हसणे सोपे आहे. माझी बारा वर्षांची डोकेदुखी. महिन्यातून सात-आठ दिवस अंधाऱ्या खोलीत. अर्धशिशीच्या गोळ्या झाल्या, चष्मा बदलला, दिष्टसुद्धा काढली. मुंबईला बहिणीकडे असताना एका कायरोप्रॅक्टरकडे गेले. तो मान मोडत नव्हता, कटाकट आवाज नाही, काही नाही. कुशीवर झोपवून कानाच्या मागे, जबड्याच्या कोपऱ्याच्या वर, अगदी हलका दाब. एखाद्याला वाटावे की हा काहीच करत नाहीये. सहा वेळा गेले. आता महिन्यातून एखादा दिवस दुखते. माटोळीवाले काका, पॅकेज घेऊ नका हे मान्य, पण सगळेच थोतांड असे कोणी म्हणू नये.

मडगावची_फिजिओ

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा माझे बोलणे थोडे चाळणीतून घ्या.

मानेत सात मणके. खालचे पाच साधारण एका घाटाचे, वरचे दोन जगावेगळे. पहिल्याला मधला ठोकळाच नाही, तो नुसती हाडाची कडी. दुसऱ्याच्या डोक्यावर एक खुंटी उभी असते, ती त्या कडीत पुढच्या बाजूला बसते. घरात जुने जाते असेल तर काढून बघा. खालच्या तळीत खीळ आणि तिच्याभोवती फिरणारी वरची तळी, तसेच.

आता कामाची वाटणी. कवटी अ‍ॅटलसवर दोन उथळ वाट्यांत बसते. तिथे होकाराची हालचाल, वीस-पंचवीस अंशांची. नकाराची हालचाल त्याखालच्या सांध्यात. मान एका बाजूला जवळजवळ ८० अंश वळते, त्यातले निम्मे वळण एकट्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या जोडीतून येते. स्कूटरवरून मागे वळून बघता ना, तेव्हा बरेचसे काम हीच जोडी करते. आणि या दोन्ही सांध्यांत गादी नाही. पहिली गादी दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याच्या मध्ये. वरच्या जोडीचे पृष्ठभाग तर दोन्हीकडून फुगीर आहेत, त्यामुळे मान वळली की अ‍ॅटलस किंचित खालीही उतरतो. म्हणजे हा मणका दिवसभर 'सरकतच' असतो. सरकणे हेच त्याचे काम आहे.

मग तो निसटत का नाही? खुंटीच्या मागून एक आडवा, चिवट अस्थिबंध जातो. खुंटीच्या टोकाकडून कवटीकडे दोन तिरके बंध जातात, ते अति वळू देत नाहीत. मोठ्या अपघातात किंवा संधिवाताने वर्षानुवर्षे झिजून हे बंध सैल झाले तर मणका खरोखर जागा सोडतो. तो आजार गंभीर. त्यात हात-पाय बधिर होतात, चाल बिघडते आणि त्यात मानेला कोणी हातही लावायचा नसतो. माटोळी बांधून तसे होत नाही, बाब.

तुमचे झाले असे असावे. चार तास मान मागे, म्हणजे मागचे सांधे एकमेकांवर दाबलेले आणि कवटीखालचे इवलेसे स्नायू आखडलेल्या स्थितीत राबलेले. सकाळी त्यांनी संप केला. कळ डोळ्याच्या मागे जाते त्यालाही कारण आहे. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची मोठी नस मेंदूत शिरताना एकाच ठाण्यावर भेटतात, दुखते मानेत आणि तक्रार नोंदली जाते कपाळावर.

वेर्ण्याचा_फिटर

ताई, छान समजावलेत. पण यंत्राच्या भाषेत त्या कायरोप्रॅक्टरचे म्हणणे मला पटते. वर पाच किलोचा गोळा, खाली बारीक खांब. वरची सीट तिरकी झाली तर खालचे सगळे भरपाई करणार. शाफ्ट एक मिलिमीटर बाहेर असला तर बेअरिंग जळते, हे आम्ही रोज बघतो.

मडगावची_फिजिओ

बेअरिंगला स्नायू नसतात :) आणि बेअरिंग रात्री झोपून स्वतःची डागडुजी करत नाही. पण तुम्ही हिशेब मांडा ना, मलाही बघायचाय.

वेर्ण्याचा_फिटर

मांडला. डोके ५ किलो. त्याचा गुरुत्वमध्य सांध्याच्या वर ६ सेंटीमीटर धरू. पावणेतीन अंश कलले तर मध्य बाजूला जातो तीन मिलिमीटरच्या आत. म्हणजे दीड किलो-सेंटीमीटरहून कमी पीळ. आता माझी लॅपटॉपची बॅग ३ किलो, खांद्यावर मणक्यापासून १५ सेंटीमीटरवर. पंचेचाळीस किलो-सेंटीमीटर. तीसपट.

च्यायला. मग मी कोणाशी वाद घालत होतो? बॅग पाठीवरची घ्यायला हवी.

डिचोलीचा_बाळ

फिटरबाब, कॉलेजात एवढा हिशेब केला असता तर... असो.

काळी_फिल्म (वास्को)

निवृत्त एक्स-रे टेक्निशियन बोलतोय. सत्तावीस वर्षे लोकांना 'आ करा, हलू नका' म्हणत आलो.

ही खुंटी दिसावी म्हणून तोंड उघडायला लावून समोरून फिल्म काढतात. खुंटीच्या दोन्ही बाजूंना फट दिसते, ती सारखी असावी अशी अपेक्षा. पण पेशंटने डोके जरासे फिरवले की एक फट रुंद, एक अरुंद. ट्यूब किंचित कलली की तसेच. आणि कितीतरी ठणठणीत माणसांच्या हाडांतच डावे-उजवे सारखे नसते. तुमचे दोन कान एका रेषेत आहेत का, आरशात बघा. पावणेतीन अंश म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा अर्धा मिनिटही पुढे जात नाही. तेवढा फरक मला पेशंट शिंकला तरी मिळायचा. दुखणाऱ्या माणसाची मान तर आखडून आधीच एका बाजूला ओढलेली असते. मग तिरकेपणामुळे दुखते की दुखण्यामुळे तिरके, हे फिल्म सांगत नाही.

'आधी' आणि 'नंतर' अशा दोन फिल्म दाखवून मणका सरळ झाला म्हणतात, तेव्हा मला पहिला प्रश्न पडतो तो पेशंट दोन्ही वेळा कसा बसवला होता हा.

पेडण्याची_लेक

मग मला बरे का वाटले? माझी फिल्म काढलीच नव्हती.

मडगावची_फिजिओ

बरे वाटले हे खरेच, ते कोणी नाकारत नाही. हाताने केलेल्या उपचाराने स्नायूंची पकड सुटते, दुखण्याची पातळी उतरते, सांधा जास्त फिरतो. पण हाड एका जागेवरून दुसऱ्या जागी बसले म्हणून हे होते असे दिसत नाही. १९९८ साली स्वीडनमध्ये कमरेच्या खालच्या सांध्यावर हे तपासले. हाडात बारीक मणी बसवून उपचाराआधी आणि नंतर अचूक मोजमाप घेतले. तपासणाऱ्यांच्या हाताला सांधा 'जागेवर आला' असे वाटले, मोजमापात हाड तिथल्या तिथे. मानेचा सांधा वेगळा, मान्य, पण विचार करायला लावणारे आहे.

आणि मानेतून येणाऱ्या डोकेदुखीवर ऑस्ट्रेलियात २०० जणांचा अभ्यास २००२ मध्ये आला. हाताचे उपचार आणि मानेचे व्यायाम दोन्हींनी फायदा झाला, वर्षभर टिकलाही. म्हणजे तुमचा कायरोप्रॅक्टर तुम्हाला लागू पडला यात मला नवल वाटत नाही. माझी तक्रार फक्त त्या भिंतीवरच्या तक्त्याबद्दल.

पेडण्याची_लेक

तक्त्यातल्या रक्तदाबावर अभ्यास झालाय. शिकागो, २००७. पन्नास जण, निम्म्यांना खरा उपचार, निम्म्यांना नुसते नाटक. आठ आठवड्यांत खऱ्यांचा वरचा आकडा १७ ने उतरला, नाटकवाल्यांचा ३ ने. गोळ्या न देता!

मडगावची_फिजिओ

वाचलाय. अभ्यास नीट केलेला आहे, आणि तो पथदर्शी, म्हणजे छोटा प्राथमिक अभ्यास होता. अ‍ॅटलस तिरका दिसणारे, सौम्य रक्तदाबाचे लोक निवडून घेतलेले. पन्नास माणसांवरून कोणी गोळी बंद करू नये एवढेच म्हणेन. माझ्या सासूबाई असल्या बातम्या वाचून गोळी बंद करतात, म्हणून जीव तोडून लिहिते.

आगाऊ_कार्टे

इतिहास वाचला का कोणी? १८ सप्टेंबर १८९५, अमेरिकेतले आयोवा राज्य, गाव डॅव्हनपोर्ट. डी. डी. पामर नावाचा गृहस्थ हात फिरवून चुंबकीय उपचार करायचा. त्याने इमारतीतल्या हार्वे लिलार्ड या सफाई कामगाराच्या पाठीतला मणका दाबला आणि म्हणे त्याचा बहिरेपणा गेला. ऐकण्याची नस कानातून थेट मेंदूत जाते, पाठीतून जातच नाही. पुढे पामरच्या मुलाने, बी. जे. पामरने, १९३०च्या दशकात सगळे दुखणे एकट्या वरच्या मणक्यात आणून बसवले. आणि इंग्लंडात सायमन सिंग या विज्ञान लेखकाने २००८ मध्ये मुलांच्या आजारांवरच्या कायरोप्रॅक्टिक दाव्यांना बोगस म्हटले, तर कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. २०१० मध्ये मुकाट मागे घेतला.

काळी_फिल्म

सुरुवात कशी झाली यावरून आजचे ठरवायचे तर आमच्या डॉक्टरांचे पूर्वज जळवा लावत होते, हेही लक्षात असू दे.

आगाऊ_कार्टे

मान्य. पण त्यांनी ऊठसूट जळवा लावणे सोडले.

वाळपईकर

आमचा पाडेली (नारळ पाडणारा) साठीचा आहे. दिवसाला किती माड चढतो त्याचा हिशेब त्यालाच माहीत. त्याला विचारले, मान दुखत नाही का? म्हणाला, "वर बघतोच कोण? वर पोचलो की नारळ नाकासमोर असतात." खालून बघायचे तर दोन पावले मागे सरून कमरेतून मागे झुकतो. आपण माडाच्या बुंध्याला चिकटून मान मोडून बघतो आणि नारळ डोक्यात पडायची वाट बघतो.

साखळीचा_सोन्या

अवांतर: आमचा केस कापणारा शेवटी हनुवटी धरून मान दोन्हीकडे कडाक्क करतो. स्वर्ग! हे पॅकेजवाले घेतात तेवढ्यात माझे आयुष्यभराचे केस कापून होतील.

मडगावची_फिजिओ

सोन्या, हे बंद कर. गंमत नाही. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्याच भोकांतून वर चढतात. सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत. अ‍ॅटलसच्या कडीवरून त्या वळसा घेऊन कवटीत शिरतात. मान झटक्याने टोकापर्यंत पिळली तर क्वचित आतले अस्तर फाटते, गुठळी होते, पक्षाघात होतो. क्वचित म्हणजे फारच क्वचित, पण झाले तर झाले. कधीही झटका देऊन घेण्याआधी समोरच्याने निदान तुमचे वय, संधिवात, चक्कर, डोळ्यांपुढे दोन दोन दिसणे, बोलताना जीभ अडखळणे हे विचारायला हवे. तुझा न्हावी विचारतो का?

साखळीचा_सोन्या

तो विचारतो, "झिरो मारू की मीडियम?"

पेडण्याची_लेक

फिजिओताई, न्याय दोन्हीकडे हवा. कॅनडात ऑन्टारियोमध्ये २००८ साली हेच तपासले. अशा पक्षाघाताचा संबंध आधी कायरोप्रॅक्टरकडे गेल्याशी दिसला, तसाच साध्या डॉक्टरकडे गेल्याशीही दिसला. म्हणजे बहुधा धमनी आधीच फाटू लागलेली, तिनेच मान दुखत होती, म्हणून माणूस कोणाकडे तरी गेला.

मडगावची_फिजिओ

बरोबर, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटते. फाटू लागलेल्या धमनीचा माणूस साध्या डॉक्टरकडे गेला तर गोळी घेऊन येतो. तोच माणूस न्हाव्याकडे गेला तर मान पिळून येतो. 'आयुष्यात अशी मान कधी दुखली नव्हती' असे कोणी म्हणाले की मी हात न लावता बांबोळीला, मोठ्या सरकारी इस्पितळात पाठवते.

डिचोलीचा_बाळ

सायकलची ऑफर मागे घेतो.

वेर्ण्याचा_फिटर

तो कडाक्क आवाज मग कशाचा? हाड बसल्याचा नाही?

काळी_फिल्म

सांध्यातल्या वंगणात पोकळी तयार होते, त्याचा. बोटे मोडतो तोच प्रकार. अमेरिकेत एका डॉक्टरने साठ वर्षे फक्त डाव्या हाताची बोटे मोडली, उजव्याची नाही, आणि म्हातारपणी दोन्ही हात सारखेच निघाले. २००९ मध्ये त्याला इग नोबेल मिळाले. आई ओरडायची म्हणून खोटे ठरवायला सुरुवात केली होती म्हणे.

शिरोड्याची_सून

मूळ प्रश्नाकडे कोणी वळणार आहे का, की सगळ्यांच्याच माना धरल्यात? माझा प्रश्न वेगळा आहे. काका, माटोळी चार तास स्टुलावर उभे राहून का बांधता? आमच्याकडे चौकट जमिनीवर दोन पाटांवर ठेवतात, बसून सगळे बांधतात आणि मग चौघे मिळून वर चढवतात.

माटोळीवाला

आमची चौकट छताला कायमची ठोकलेली आहे, वडिलांच्या काळापासून. खाली येत नाही.

शिरोड्याची_सून

म्हणजे सरकायला हवे होते ते सरकत नाही :)

माटोळीवाला

तीन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व. वर फिजिओताईंनी लिहिल्यावर आधी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हाताची पकड, पायांच्या शिरा, चालणे सगळे पाहिले. नवा एक्स-रे नको म्हणाले. मग फोंड्यातल्याच एका फिजिओकडे. तिने हनुवटी छातीला टेकवून मान वळवायला सांगितली. असे केले की खालचे मणके अडकतात आणि वळण फक्त वरच्या जोडीतून येते. डावीकडे बेचाळीस अंश, उजवीकडे वीस. माझे दुखणे पहिल्यांदाच कोणीतरी असे माझ्या डोळ्यांसमोर मोजले. पाच सिटिंग, हाताने हळूहळू सैल करणे आणि घरी करायचे दोन व्यायाम. एक हनुवटी आत ओढायचा. दुसरा टॉवेलचा. टॉवेलची कड कवटीखाली धरायची, पुढे ओढत मान वळवायची. दिवसाला दोनदा. काल उजवीकडे अडतीस आले. डोळ्यामागची कळ गेली.

आता एक कबुली. वर 'विचार करतो म्हणून आलो' असे लिहिले ते अर्धेच खरे होते. त्या दिवशी एक सिटिंग मी घेतले होते, सुट्या दराने. टेबलावर झोपवून कानामागे दाब, पेडण्याच्या ताईंनी लिहिले तसाच. आणि दोन दिवस मला चांगलाच आराम होता. तिसऱ्या दिवशी मान पुन्हा आखडली, म्हणून तर हा धागा काढला. आधी सांगितले असते तर तुम्ही सगळे माझ्यावरच घसरला असता. डावा पाय मात्र बायकोने टेपने मोजला. दोनदा. एकदा उजवा आखूड आला.

पेडण्याची_लेक

कबुलीबद्दल धन्यवाद, काका. दोन दिवस का होईना :)

मडगावची_फिजिओ

टॉवेल सोडू नका, निदान दोन महिने. आणि पुढच्या चवथीला दर वीस मिनिटांनी खाली उतरा.

वेर्ण्याचा_फिटर

उतरायची गरज नाही. चौकटीचे खिळे काढा, चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, त्या एकत्र येतात तिथे चौकटीबरोबर हलणारी एक कप्पी आणि दुसरी वर छताला. सगळी माटोळी वर जाईल चाळीस किलोची, दोन कप्प्यांनी निम्मा जोर लागेल. मी नकाशा काढून देतो. फक्त छताचे वासे कसे आहेत ते सांगा, सागवान की माडाचे?

माटोळीवाला

माडाचे. पण वडिलांची चौकट काढायला आईची परवानगी घ्यावी लागेल, ते २८,००० पेक्षा महाग पडू शकते. कप्पी कुठे मिळेल?

डिचोलीचा_बाळ

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघा. नाही मिळाली तर माझ्याकडे विहिरीवरची जुनी एक पडली आहे. थोडी वाकडी आहे. पावणेतीन अंश असेल.